हैदराबादमार्गे आलेली इंग्रजी

विष्णुशास्त्री चिपळूणकर पुण्यात इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हणत होते, तेव्हा नांदेडच्या कचेरीत फारसीचा अंमल होता. १८८०च्या दशकात फारसी गेली आणि तिच्या जागी उर्दू बसली. इंग्रजीचा नंबर त्यानंतरचा. मराठी माणसाच्या इंग्रजीची गोष्ट सांगताना आपण एल्फिन्स्टन, डेक्कन कॉलेज, फर्ग्युसन अशी नावं घेत जातो. नांदेड-लातूरला त्यातलं एकही लागू पडत नाही. इथला राज्यकर्ता निजाम, त्याची राजभाषा उर्दू, आणि इंग्रज बसायचा तो लांब हैदराबादच्या रेसिडेन्सीत. इथल्या माणसाला इंग्रजी साहेबाकडून मिळाली नाही. ती हैदराबादला जाऊन, उर्दूच्या हाताला धरून आली.

हा फरक आज काढायचं कारण असं. परक्या रीतीभातीच्या माणसाशी बोलायचं कसं, हे इंग्रजीच्या वर्गात शिकवावं, अशी अपेक्षा आता सर्रास केली जाते. अध्यापनशास्त्राच्या पुस्तकांत तिला आंतरसांस्कृतिक संवादकौशल्य असं भारदस्त नाव आहे. या विचाराची ठरलेली वंशावळ अशी: १९५०च्या दशकात एडवर्ड हॉल हा मानववंशशास्त्रज्ञ अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यासाठी प्रशिक्षण देत होता. दोन माणसं किती अंतरावर उभी राहतात, वेळ कशी पाळतात, गप्प कधी बसतात, यातूनही संस्कृती बोलते, हे त्याने १९५९च्या ‘द सायलेंट लँग्वेज’मध्ये मांडलं. पुढे डेल हाइम्स या भाषावैज्ञानिकाने म्हटलं की व्याकरण येणं पुरेसं नाही, कुणाशी काय कधी बोलावं हेही यावं लागतं. आणि १९९७मध्ये मायकेल बायरमने त्याचा भाषाशिक्षकांसाठी आराखडा केला. वंशावळ खरी आहे. पण नांदेडच्या वर्गात हा विचार याच वाटेने आला, असं मानलं की इथलं बरंच काही नजरेआड होतं.

कारण परक्याशी बोलण्याचा सराव या गावांना आधीपासून होता. नांदेडला १७०८मध्ये गुरू गोविंदसिंगांचं निधन झालं, तेव्हापासून पंजाबची वाट या गावाला जोडलेली आहे. देगलूर, बिलोली, धर्माबादकडे तेलुगू, उदगीर-निलंग्याकडे कन्नड, तांड्यांवर गोरमाटी, किनवटच्या डोंगरात गोंडी, आणि या सगळ्यांच्या मधोमध बाजाराची म्हणून दखनी. आडतीवर बसलेला माणूस सकाळच्या पहिल्या दोन तासांत तीन भाषांत भाव करायचा. त्याला हे कुणी शिकवलं नव्हतं आणि ही विद्या आहे असं त्यालाही वाटत नव्हतं. प्रश्न आहे तो शाळेचा. बाजारात होतं ते शाळेच्या दारातून आत आलं का?

काही काळ आलं. १९१८मध्ये हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं. वैद्यक, कायदा, विज्ञान सगळं उर्दूतून शिकवायचं, इंग्रजी मात्र विषय म्हणून सक्तीची. त्यासाठी दारुल तर्जुमा नावाचं भाषांतर खातं आधीच उघडलं होतं. मराठवाड्यातलं या व्यवस्थेचं ठाणं म्हणजे औरंगाबाद. तिथे उर्दूचे अभ्यासक मौलवी अब्दुल हक होते, उर्दूच्या प्रसाराची अंजुमन तरक्की-ए-उर्दू ही संस्था होती, आणि त्यांचा इंग्रजी-उर्दू कोश १९३७मध्ये औरंगाबादेतूनच निघाला. इंग्रजीचा इतका मोठा कोश मराठवाड्याच्या मातीत तयार झाला आणि तो मराठीसाठी नव्हता. याचं वाईट वाटून घ्यायचं की नवल करायचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मराठी घरातल्या पोराला तेव्हा इंग्रजी धडा उर्दूतून समजून घ्यावा लागे आणि मग तो मनातल्या मनात मराठीत उतरवावा लागे. हा जुलूमच होता, त्याची तरफदारी करायला नको. आपल्या भाषेतून शिकण्याचा हक्क नाकारला जात होता, खाजगी शाळा काढायलाही सरकारची परवानगी लागत होती. त्याला उत्तर म्हणून राजाच्या हिप्परग्याला १९२१मध्ये राष्ट्रीय शाळा निघाली. स्वामी रामानंद तीर्थ आधी तिथे आणि मग अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत शिकवत होते. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे पुढारी मूळचे मास्तर होते, हे मराठवाड्यात वेगळं सांगावं लागत नाही. पण त्याच जाचक व्यवस्थेतून एक गोष्ट आपोआप घडत होती. तीन भाषांतून एकच मजकूर तीनदा पाहणाऱ्या पोराला इतकं तरी कळायचं, की आपण बोलतो तीच एक रीत नाही. १९३८मध्ये उस्मानियाच्या वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’वर बंदी आली, शेकडो विद्यार्थ्यांना बाहेर काढलं आणि नागपूर विद्यापीठाने त्यांना जवळ केलं. त्यांत पी. व्ही. नरसिंह राव होते. घरची तेलुगू, शाळेची उर्दू, आणि मराठी इतकी पक्की की हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ त्यांनी तेलुगूत नेली. त्यांची गोष्ट अपवादाची असेल, पण ज्या मुशीतून ते निघाले ती अपवादाची नव्हती.

सप्टेंबर १९४८मध्ये पोलीस ॲक्शन झाली, आणि मराठवाडा मोकळा झाला. मराठी माध्यमाची शाळा हक्काची झाली. १९५०मध्ये नांदेडला स्वामीजींच्या पुढाकाराने पीपल्स कॉलेज निघालं. १९५६च्या भाषावार रचनेत उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके बीदर जिल्ह्यातून इकडे आले. नांदेडचा मुधोळ, भैंसा, कुबेरचा पट्टा आणि देगलूर तालुक्यातली बिचकुंदा, जुक्कल ही मंडळं आंध्र प्रदेशात गेली. नकाशा भाषेप्रमाणे सरळ झाला. शाळाही सरळ झाली. हे व्हायलाच हवं होतं. पण एका पिढीच्या आत असं झालं की गाव पाच भाषांचं आणि वर्ग एका भाषेचा. सीमेवरच्या गावात घरी तेलुगू बोलणारं लेकरू शाळेत आलं की ती भाषा दाराबाहेर ठेवू लागलं. उर्दू शाळा राहिल्या, पण त्या वेगळ्या आवारात. मराठी आणि उर्दू पोरं एका बाकावर बसून एकच इंग्रजी धडा वाचतात, हे दृश्य दुर्मीळ झालं.

मराठवाडा आता मुंबई राज्यात होता, त्यामुळे या एकभाषी वर्गात इंग्रजी पुन्हा आली ती मुंबईमार्गे. इंग्रजी पाचवीपासून की आठवीपासून, यावर मुंबई राज्यात घनघोर चर्चा झाल्या होत्या. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला होती, रेन आणि मार्टिनचं व्याकरण होतं. (यातला रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होता आणि फ्रेंच फॉरिन लीजनवर ‘बो जेस्ट’सारख्या साहसकादंबऱ्या लिहायचा. त्याच्या व्याकरणाची पारायणं करणाऱ्या किती जणांना हे ठाऊक होतं, कोण जाणे.) मग वाक्यरचनांचे साचे घोटून घेण्याची पद्धत आली. पद्धती बदलत गेल्या तरी तासाचं रूप एकच राहिलं: मास्तर वाक्य वाचणार, अर्थ सांगणार, पोरं पाठ करणार. वाक्य कुणाला उद्देशून आहे, हा प्रश्नच उद्भवत नव्हता. खेड्यातल्या मास्तरला दोष देऊन उपयोग नाही. त्याच्या उभ्या हयातीत इंग्रजी बोलणारा परका माणूस त्याच्या गावात आलेला नव्हता.

पण याच काळात मराठवाड्याच्या इंग्रजी वर्गात एक वेगळी गोष्ट घडली, आणि माझ्या मते आंतरसांस्कृतिक संवादाचं या भागातलं सर्वांत मोठं काम तेच आहे. तिची मुळं जुनी. जोतीराव फुल्यांनी १८७३मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकी लोकांना. १९४६मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी डब्ल्यू. ई. बी. डु बॉईस यांना पत्र लिहून आपल्या आणि अमेरिकेतल्या काळ्यांच्या स्थितीतलं साम्य कळवलं. १९५०मध्ये त्यांनी औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय काढलं. तिथे इंग्रजी शिकवणारे म. ना. वानखेडे अमेरिकेत राहून आले आणि येताना काळ्या लेखकांचं साहित्य बरोबर घेऊन आले. त्यांच्या वर्गातली पोरं मराठवाड्याच्या महारवाड्यांतून आलेली. त्यांना वर्ड्‌स्वर्थची डॅफोडिल्स कधी दिसली नव्हती, दिसण्याची शक्यताही नव्हती. पण रिचर्ड राईट वाचताना वेगळी फोड करून सांगावी लागत नव्हती. ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक, दलित साहित्याच्या चर्चा, पुढे १९७२मध्ये मुंबईत दलित पँथरांनी अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरांवरून घेतलेलं नाव, या सगळ्यामागे इंग्रजीच्या तासाचा हात आहे.

तोच धागा लातूरला जनार्दन वाघमारे यांनी धरला. वाघमारे इंग्रजीचे प्राध्यापक, १९७०मध्ये निघालेल्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य. अमेरिकन निग्रो साहित्य हा त्यांच्या अभ्यासाचा विषय आणि त्यावर त्यांनी मराठीत पुस्तकं लिहिली. लातूरसारख्या तालुक्याच्या गावी (लातूर जिल्हा झाला तो १९८२मध्ये) बसून एक माणूस हार्लेमविषयी मराठीत लिहितो, ही गोष्ट साधी नव्हे. इंग्रजी म्हणजे लंडनला जाणारा रस्ता, ही समजूत इथे मोडली. इंग्रजीतून आपण तिसऱ्याच कुणाला भेटू शकतो, आणि तो आपल्याइतकाच दबलेला असू शकतो, हे उस्मानियाच्या पोरालाही ठाऊक नव्हतं.

आता गंमत अशी, की ‘लातूर पॅटर्न’ या शब्दाबरोबर पहिलं नाव निघतं तेही वाघमाऱ्यांचंच. शाहू महाविद्यालयात आणि मग लातूरभर जी शिस्त उभी राहिली, म्हणजे रोजच्या चाचण्या, प्रश्नसंच, रात्रीच्या अभ्यासिका आणि वर्गाबाहेर पोरांवर असलेलं मास्तरांचं लक्ष, त्यातून मागास म्हणून हिणवलेल्या भागाची पोरं राज्याच्या गुणवत्ता यादीत झळकली. निलंग्याच्या शेतकऱ्याचं लेकरू मुंबईच्या मेडिकल कॉलेजात गेलं. याला नाक मुरडणाऱ्या पुणेकरांशी माझं कधी जमलेलं नाही. पण इंग्रजीच्या तासाचं काय झालं? वैद्यकीय प्रवेशाला भौतिक, रसायन, जीवशास्त्राचे गुण मोजले जातात. नीटमध्येही इंग्रजीचा वेगळा भाग नाही. त्यामुळे या हिशेबात इंग्रजीच्या वाट्याला आलेलं स्थान असं: नापास व्हायचं नाही आणि वेळ घालवायचा नाही. ‘एकवीस अपेक्षित’ या प्रश्नसंचातली पत्रं, दोन मित्रांमधला संवाद, सारांश, एवढं घोटलं की झालं. ज्या माणसाने इंग्रजीतून काळ्या अमेरिकेशी गाठ घालून दिली, त्याच माणसाच्या गावात इंग्रजी उत्तरपत्रिकेपुरती उरली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकीने दुसरी खोटी ठरत नाही.

परक्याशी बोलण्याची खरी परीक्षा मात्र वर्गाबाहेर झाली, आणि अचानक झाली. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. दोन-चार दिवसांत या भागात इतक्या प्रकारची माणसं आली, की तितकी आधी शंभर वर्षांत आली नसतील: लष्कर, परदेशी डॉक्टर, वार्ताहर, स्वयंसेवी संस्था, मागाहून जागतिक बँकेची पथकं आणि शहरी वास्तुरचनाकार. पन्नासहून अधिक गावं नव्या जागी बसवायची ठरली. आलेल्यांच्या मनात काटकोनात आखलेले रस्ते आणि सारखे प्लॉट. गावाच्या मनात भावकी, वाडा, ढोरांची जागा, चुलीचा धूर जाण्याची दिशा, आणि न बोलता पाळलेली जातींची अंतरं. भाषा दोघांना कळत होती, दुभाषे होते. तरी बोलणं जुळेना. बाई पुढे येऊन बोलत नाही म्हणजे तिला मत नाही, असा पाहुण्यांचा समज. कागदावर सही मागतात म्हणजे जमीन जाणार, असा गावाचा.

यातून पुढे एक काम निघालं. घरदुरुस्तीच्या कार्यक्रमात गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमलं गेलं. प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने त्या कामाची बांधणी केली. इंजिनिअरचं म्हणणं घराघरांत नेणं, घरातली अडचण इंजिनिअरला त्याच्या कलाने सांगणं, कोण कशाला बिचकतंय ते ओळखणं हे त्यांचं काम. बायरमचं पुस्तक यायच्या सुमारास लातूर-उस्मानाबादच्या खेड्यांत बायका हे करत होत्या, त्यांतल्या कित्येकींची शाळा चौथीत सुटलेली. मला विचाराल तर बी.एड.च्या अभ्यासक्रमात हॉलच्या आधी यांचा धडा हवा. तो कुठे आहे असं माझ्या पाहण्यात नाही.

दुसऱ्याच वर्षी, १७ सप्टेंबर १९९४ला, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं आणि पहिले कुलगुरू झाले पुन्हा जनार्दन वाघमारेच. या विद्यापीठाचा जन्म कशातून झाला हे विसरून चालणार नाही. मराठवाडा विद्यापीठाला आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव १९७८मध्ये झाला, आणि नांदेड जिल्ह्यासह सगळ्या मराठवाड्यात दलित वस्त्या जळल्या. सोळा वर्षांनी, १४ जानेवारी १९९४ला, नामविस्तार झाला आणि त्याच वर्षी नांदेडचं विद्यापीठ वेगळं निघालं. एकाच भाषेची, एकाच गावची माणसं एकमेकांशी बोलू शकली नाहीत, त्याचा हा प्रशासकीय शेवट. आंतरसांस्कृतिक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गोरा माणूस येतो. इथल्या वर्गात परका माणूस पुष्कळदा शेजारच्या बाकावर बसलेला असतो. आपल्याकडे ओळख होते ती ‘कोणतं गाव? कोणाचे पाव्हणे? आडनाव काय?’ अशी. विचारणाऱ्याला ती आपुलकी वाटते आणि ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, कारण आडनावावरून पुढचं सगळं ठरणार हे त्याला ठाऊक असतं. इंग्रजीच्या पहिल्या धड्यातला नाव विचारण्याचा कोरडा संवाद काही पोरांना सुखाचा वाटतो, त्याचं कारण इंग्रजीची गोडी हे नसतं.

पुढचं सगळं लवकर झालं. २०००पासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आली. सेमी-इंग्रजीचे वर्ग वाढले. पाठ्यपुस्तकांत संवादाच्या कृती आल्या. विद्यापीठाच्या पेपरांत संभाषणकौशल्य, मुलाखत, गटचर्चा असे घटक आले, आणि मुलाखत कशी द्यावी हे विद्यार्थी तीन तासांच्या लेखी पेपरात लिहून दाखवू लागले. त्याच वेळी, २००८मध्ये, गुरू-ता-गद्दीची, म्हणजे गुरू ग्रंथसाहिबाला गुरुपद दिल्याची, त्रिशताब्दी झाली, नांदेडचा विमानतळ नव्याने बांधला गेला, रस्ते रुंदावले, पंजाबबरोबर कॅनडा आणि इंग्लंडमधलेही यात्रेकरू वाढले. गुरुद्वाऱ्याच्या रस्त्यावरचा ऑटोवाला पंजाबीत भाडं ठरवू लागला आणि टोरंटोत वाढलेल्या, पंजाबी अर्धीच कळणाऱ्या पोराशी मोडक्या इंग्रजीत. तिथून दोन किलोमीटरवरच्या शाळेत इंग्रजीच्या पुस्तकातली मुलं अजून एकमेकांना रेल्वे स्टेशनचा रस्ता विचारत होती.

मास्तरांनी काही केलंच नाही असं नाही. २०१६पासून ब्रिटिश कौन्सिल, टाटा ट्रस्ट आणि राज्य सरकार यांच्या ‘तेजस’ प्रकल्पात शिक्षकांचे छोटे गट जमू लागले. तज्ज्ञाचं भाषण नाही, आपणच आपल्यात तास कसा घेतला ते सांगायचं आणि मोबाइलवर एकमेकांना कळवायचं. झेडपीच्या शिक्षकाला इंग्रजी बोलायची संधी बहुधा पहिल्यांदा मिळाली ती अशी, दुसऱ्या झेडपीच्या शिक्षकाशी. ही रीत मला आवडते. निदान त्यात खरा ऐकणारा समोर असतो.

आणि मग तोंडी परीक्षेचं प्रकरण. दहावीला भाषांसाठी ऐंशी गुण लेखी आणि वीस गुण तोंडी, अशी विभागणी होती. ते वीस गुण शाळाच देत असे आणि कसे देत असे हे सगळ्यांना माहीत होतं. २०१८-१९पासून ते बंद केले, आणि २०१९ला राज्याचा दहावीचा निकाल ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला. एकच ओरड झाली. अकरावीच्या प्रवेशात सीबीएसईची पोरं आपल्या पोरांच्या पुढे जाणार, हा मुद्दा होता, आणि तो चुकीचा नव्हता. त्याच वर्षी गुण परत आले, आणि २०२०चा निकाल ९५.३० टक्के लागला. या सगळ्या वादात पेपरांचे रकाने भरले, पालक मोर्चे घेऊन गेले, तज्ज्ञ चॅनेलवर बसले. त्या वीस गुणांसाठी पोरांनी कुणाशी, काय आणि किती वेळ बोलावं, हे मात्र कुणी विचारलं नाही. लातूर विभागीय मंडळाच्या शाळांत ते गुण आजही इतर ठिकाणांसारखेच, पोरगं तोंड उघडण्याच्या आत, तक्त्यात भरले जातात.